पुन्हा शाळेत जावे का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. नऊ वर्षे मी मास्तरीण होते खरी. पण चाळीस मुलांपुढे बोलणे निराळे आणि तुम्हांपुढे बोलणे निराळे. मुले निदान मध्येच उठून दूधवाला येण्याची वेळ झाली असे म्हणत नाहीत. चिटणीसबाई निरोप घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना सुचवले, की उन्हाळी वाळवणांवर बोलते, चार जणींच्या उपयोगी पडेल. त्या म्हणाल्या, "वाळवणे आम्हांला येतात. दोन वर्षे तू ज्या घालमेलीत होतीस ती सांग. आपल्या गल्लीत निम्म्या जणींची प्रमाणपत्रे पेटीच्या तळाशी पडून आहेत." तेव्हा तेच सांगते. कोणाचे नाव घेणार नाही, शाळेचे तर नाहीच. तुम्हीही मागाहून पाण्याच्या टाकीपाशी मला ते विचारू नका.

माझे माहेर इंदापूरचे, हे तुम्हांला ठाऊक आहे. २००३ साली मी डी.एड. झाले आणि त्याच वर्षी इंदापूर तालुक्यातील एका शाळेत प्राथमिकच्या वर्गावर लागले. लग्न होऊन बारामतीला आले तरी नोकरी सुटली नव्हती. सकाळची एस.टी. धरायची, काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन अशी गावे मोजीत जायचे आणि संध्याकाळी त्याच गावांची उलटी उजळणी करीत परत यायचे. हिवाळ्यात उसाच्या बैलगाड्यांमागे गाडी अडकली की माझ्या पहिल्या तासाला मुले आपली आपणच पाढे म्हणत बसत. त्या पाढ्यांचा आवाज फाटकापासून ऐकू येई.

२०१२ साली सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. धाकटा त्या वेळी दीड वर्षाचा होता. दोन महिने बिनपगारी रजा काढली, ती आणखी वाढवून मिळेना, तेव्हा राजीनामा दिला. मला कोणी द्यायला लावला नाही. त्या वेळी ते बरोबरच होते असे मला आजही वाटते. सासूबाई पुढे अकरा वर्षे होत्या. २०२३ च्या श्रावणात त्या गेल्या. वर्षश्राद्धाच्याही आधी मी अर्ज केला, म्हणून घरात थोडी कुजबुज झाली होती. पण ती असो.

एप्रिल २०२४ मध्ये मला मुलाखतीचे बोलावणे आले. शाळा इंदापूरच्याच बाजूची, नव्या इमारतीची. ठेवणीतली फिकट निळी साडी नेसून, प्रमाणपत्रांची पिशवी पोटाशी धरून मी अकरा वाजता जाऊन बसले. बोलावले दीड वाजता. आत चौघे होते: संस्थेचे दोन गृहस्थ, एक मुख्याध्यापिका आणि कोपऱ्यात एक तरुण शिक्षिका.

पहिला प्रश्न इंग्रजीत आला, स्वतःविषयी सांगा. मी तीन वाक्ये पाठ करून गेले होते. ती संपली आणि चौथे मराठीत निघाले. एकमेकांकडे पाहणे झाले. मग एका गृहस्थांनी कागद चाळून विचारले, "बारा वर्षे तुम्ही काय करीत होता?"

"घरी होते. सासूबाई आजारी होत्या."

"म्हणजे काहीच नाही," असे म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. त्यांच्या स्वरात कुत्सितपणा होता असे मी म्हणणार नाही. रकाना भरणाऱ्या माणसाचा स्वर असतो तसा तो होता. पण 'काहीच नाही' हे दोन शब्द मला तिथे खुर्चीवर बसल्याबसल्या असे लागले, की पुढचा प्रश्न मी नीट ऐकलाच नाही.

नंतर पाठ घ्यायला सांगितला. वर्गात सुट्टी, मुले नाहीत. "आम्ही चौथीची मुले आहोत असे समजा," असे मुख्याध्यापिका म्हणाल्या. भगिनींनो, पन्नाशीच्या दोन गृहस्थांना 'मुलांनो' म्हणून अपूर्णांक शिकवण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. मी फळ्यावर भाकरी काढली, तिचे चार भाग केले आणि त्यांतील एका मुलाला विचारले, एक भाग म्हणजे किती? ते मूल मोबाइलवर बोलत होते.

तेवढ्यात त्या कोपऱ्यातील तरुण शिक्षिकेने विचारले, "बाई, तुमच्या तिसरीच्या वर्गात चाळीस मुले आहेत आणि त्यांपैकी तेरांना वाचताच येत नाही. तुम्ही काय कराल?" मी म्हणाले, पालकांना बोलावीन, जादा तास घेईन, रोज शुद्धलेखन घालीन. ती शांतपणे म्हणाली, "जादा तास घ्याल, पण त्या तासात काय शिकवाल?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

शेवटी पगार निघाला. शिक्षक पात्रता परीक्षा दिलेली नाही, मध्ये एवढा खंड, वयही चाळिशीच्या पुढे. तेव्हा आरंभी महिना सहा हजार, तेही नेमणूक झाली तर. "कळवू," असे म्हणाले. अर्थात कळवले नाही.

परतीच्या गाडीत निमगाव केतकीपर्यंत मी धीर धरला. तिथे शेजारी एक म्हातारी विड्याच्या पानांची पाटी मांडीवर घेऊन बसली. ती म्हणाली, "डोळ्यांत वारं जातंय का बाई? खिडकी लाव." मी खिडकी लावली, आणि मग तिला जे समजायचे ते समजले. बारामतीच्या स्टँडवर उतरताना तिने दोन पाने माझ्या हातावर ठेवली.

घरी आल्यावर साडी धुवून टाकली आणि प्रमाणपत्रे पुन्हा पेटीत ठेवली. आमच्या घरी फार समजूतदारपणे घेतले. "कशाला ती दगदग? दुकानात बसत जा, मलाही मदत होईल," असे म्हणणे झाले. मुलीने विचारले, "आई, तुला इंग्रजी येत नाही म्हणून घेतले नाही ना?" अपमानाने होत नाही इतका त्रास कधीकधी समजूतदारपणाने होतो. कोणी 'नाही' म्हटले असते तर मी भांडले तरी असते. सगळ्यांनी मायेने 'नको' म्हटले, आणि दीड महिना मीही ते खरे मानून दुकानात बसले. साखरेच्या पुड्या मला चांगल्या बांधता येतात. तेही काम आहे, त्यात कमीपणा नाही. पण समोरच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली की माझा हात थांबे.

मग एका रात्री झोप येईना, म्हणून मुलीच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर मी त्या मुलाखतीतील वाक्ये एकाखाली एक लिहून काढली. आपल्याला लागलेले शब्द डोक्यात फिरत राहिले की ते सगळे सारख्याच आकाराचे वाटतात. कागदावर आले की त्यांची उंची दिसते. इंग्रजीचे वाक्य पाहिले. मला इंग्रजीतून बोलता येत नाही, हे खरे. पण मी शिकवले मराठीतून आणि शिकवायचे आहे तेही मराठीतून. तेव्हा ती शाळा माझी नव्हतीच. वयाचे वाक्य पाहिले. ते कमी होणार नाही. आणि मग ते 'काहीच नाही'.

त्या वाक्यापाशी मी पुष्कळ वेळ थांबले. सासूबाईंची वाचा गेली होती हे तुम्हांपैकी जुन्या सभासदांना आठवत असेल. त्यांना समजत सारे होते, शब्द तेवढा सापडत नसे. पाणी हवे असले की "चावी, चावी" म्हणत आणि आपणच चिडून रडत. पण मंडळाच्या भजनाला मी त्यांना खुर्चीवर आणून बसवले, आणि हरिपाठ सुरू झाला तशा त्या सगळ्यांबरोबर स्वच्छ म्हणू लागल्या! तुम्ही टाळ थांबवले होते. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, की बोलण्याची वाट आणि गाण्याची वाट मेंदूत अगदी एक नसते; अशा रोग्यांत हे दिसते. मग मी तीच वाट धरली. त्यांना येणारे भजन म्हणायला लावायचे, त्यातल्या एका शब्दापाशी थांबायचे, ती वस्तू हातात द्यायची. सुराबरोबर आलेला शब्द सूर काढून घेतला तरी टिकतो का, हे पाहायचे. टिकला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तो. पुढे अक्षरांच्या पट्ट्या केल्या. 'दार', 'पाणी', 'दूध' हे शब्द यायला तीन महिने लागले. दोन वर्षांनी त्या वर्तमानपत्राचे मथळे बोट ठेवून वाचीत. सगळेच जमले असे नाही. माझे नाव त्यांना अखेरपर्यंत सापडले नाही. त्या मला आमच्या जुन्या म्हशीच्या नावाने हाक मारीत, आणि मी 'ओ' देई.

या अकरा वर्षांना मी स्वतःसुद्धा 'घरी होते' असेच म्हणाले होते. त्या गृहस्थांनी माझेच वाक्य थोडे आखूड केले, इतकेच.

पण वहीत एक वाक्य उरले. त्या तरुण शिक्षिकेचे. जादा तासात काय शिकवाल? बाकीची वाक्ये खोडता आली, हे खोडता येईना. कारण हे खरे होते. नऊ वर्षांच्या नोकरीत माझ्या प्रत्येक वर्गात अशी मुले होती आणि मी त्यांना मागच्या बाकावर बसवून पुढे जात होते. पाठ्यपुस्तक संपवायचे असते ना! त्या मुलीने मला अपमानित केले नव्हते. तिने मला माझ्या कामातले विचारले होते, आणि त्या खोलीत तेवढी एकच व्यक्ती माझ्याशी शिक्षिका म्हणून बोलली होती. हे कळायला मला दीड महिना लागला.

दुसऱ्याच दिवशी मी इंदापूरला गेले. माझ्या पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होऊन तिथेच राहतात. पंच्याहत्तरी उलटली आहे, कान थोडे गेले आहेत, करारीपणा तसाच. मी सगळे सांगितले. त्यांनी पगाराचे आणि वयाचे ऐकूनच घेतले नाही.

"त्या पोरीने बरोबर विचारलंन," त्या म्हणाल्या. "आणि तू चुकीचं उत्तर दिलंस. मीसुद्धा तीस वर्षं तेच दिलं असतं म्हणा. अगं, ज्याला अक्षर येत नाही त्याला शुद्धलेखन घालून काय होणार? चित्र काढील तो अक्षराचं."

"मग काय करायचं, बाई?"

"आधी कोण कुठे आहे ते बघ. इयत्ता बघू नकोस."

मग त्यांनी मला एक कागद दाखवला. त्यावर काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, चार ओळींचा एक उतारा आणि एक लहानशी गोष्ट. मूल एकटे जवळ बसवायचे आणि त्याच्याकडून वाचून घ्यायचे. ते जिथे अडते तो त्याचा गट. अक्षरापाशी अडणारी तिसरीतली आणि पाचवीतली मुले दिवसातून तासभर एकत्र बसवायची, शब्दापाशी अडणारी एकत्र. आणि त्या तासात त्यांना त्यांच्या पुढची एकच पायरी शिकवायची. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी गावोगाव जाऊन करते, तिच्यात मुलांचे वाचन असेच तपासतात. आणि गट करून शिकवण्याची ही रीत तिच्या कार्यकर्त्यांनी पुष्कळ ठिकाणी चालवली आहे. २०२१ पासून सरकारचेही 'निपुण भारत' म्हणून अभियान आहे, तिसरीच्या अखेरपर्यंत मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब यावेत यासाठी. मी घरी होते त्या काळात शिक्षणात एवढे होऊन गेले होते. आणि मौज अशी, की सासूबाईंच्या खाटेशेजारी बसून मी यातलेच काही अडाण्यासारखे करीत होते. मला नाव ठाऊक नव्हते.

निघताना बाई म्हणाल्या, "तुमच्या बारामती तालुक्यातल्या मोरगावची अनुताई वाघ ठाऊक आहे का तुला?" मला नाव ठाऊक होते, अधिक काही नाही. त्यांनी 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे अनुताईंचे आत्मचरित्र हातात दिले. मोरगावला आपण मयूरेश्वराच्या दर्शनाला जातो. तिथे १९१० साली जन्मलेल्या या मुलीचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत कपाळ पांढरे झाले. तिने शिक्षिकेचे शिक्षण घेतले, आरंभी नाशिक जिल्ह्यात खेड्यांत आणि मग पुण्यास हुजूरपागेत नोकरी केली. १९४५ साली, पस्तिशीला आलेली असताना, ती बस्तान बसलेली नोकरी सोडून ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. आज गल्लोगल्ली जो शब्द आपण वापरतो तो त्या दोघींच्या कामातून आलेला आहे. आणि अनुताई बी.ए. झाल्या १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर. त्यांच्या कष्टांशी माझी तुलना मी करीत नाही. तसे करणे हास्यास्पद होईल. मला डोक्यावर पंखा होता आणि पाठीशी दुकान. मात्र 'वय' या वाक्यावर मी त्या रात्री वहीत आणखी एक रेघ ओढली.

यानंतर मे महिन्यात मंडळाची खोली मी दुपारी मागून घेतली, ते तुम्हांला आठवते. अकरा मुले जमली. तिसरी ते पाचवीची. पहिल्या दिवशी कागद घेऊन तपासले, तर अक्षरापाशी चार, शब्दापाशी पाच, उताऱ्यापाशी दोन. पाचवीतला एक मुलगा अक्षरांच्या गटात बसायला तयार होईना, त्याची बहीण तिसरीत असून उताऱ्यापर्यंत गेली होती. त्याला मी अक्षरांच्या पट्ट्या वाटण्याचे काम दिले. वाटता वाटता तो शिकला. पाच आठवड्यांत आठ जण एकेक, काही दोन-दोन पायऱ्या वर गेले. एक मुलगी तिसऱ्या दिवसापासून आलीच नाही. आईबरोबर द्राक्षाच्या बागेत जाऊ लागली होती. एक मुलगा मात्र हलेना. काही केल्या 'ब' आणि 'व' त्याला वेगळे दिसेनात. शेवटी त्याच्या आजीला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले तर भला मोठा नंबर निघाला. चश्मा आल्यावर त्याने पहिल्यांदा खोलीतील दिनदर्शिका वाचली आणि म्हणाला, "बाई, इथं बारीक पण लिवलंय!"

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी सांगितले की मला पुन्हा शाळेतच जायचे आहे. आमच्या घरी थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग, "बरं, मग हिशेब कर," असे उत्तर आले. व्यापारी माणूस आहे, रागावला की हिशेब करायला सांगतो आणि मान्य असले तरी हिशेबच करायला सांगतो.

हिशेब केला, तोही तुम्हांला सांगते, कारण तुमच्यापैकी ज्यांच्या मनात आहे त्यांना तो लागेल. सरकारी भरतीला खुल्या गटात वयाची मर्यादा अडतीस आहे, मागासवर्गीयांना त्रेचाळीस. म्हणजे जिल्हा परिषदेचे दार मला बंद. ज्यांचे वय बसते त्यांनी अभियोग्यता चाचणी देऊन 'पवित्र' पोर्टलवर नाव घालावे. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात, पण २०२३ पासून ते मानधन प्राथमिकला सहा हजारांवरून सोळा हजार झाले आहे. माझ्यासारखीला राहिल्या खाजगी विनाअनुदानित शाळा. तिथेही पहिली ते आठवीला शिकवायचे तर पात्रता परीक्षा हवीच. दीडशे गुण, दीडशे मिनिटे. पहिली ते पाचवीच्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. चुकीच्या उत्तराला गुण कापीत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. खुल्या गटाला नव्वद गुण लागतात. एकदा उत्तीर्ण झाले की आता ते प्रमाणपत्र कायमचे. पूर्वी सात वर्षांनी संपत असे.

१० नोव्हेंबर २०२४ ला मी बसले. चौऱ्याऐंशी मिळाले. सहा कमी.

निकालाच्या दिवशी मी दुकानात होते. गिऱ्हाईकाला तूरडाळीऐवजी हरभऱ्याची डाळ दिली. या खेपेला मात्र पेटी उघडून कागद आत ठेवले नाहीत. कोणत्या भागात किती गेले ते पाहिले. गणितात आणि इंग्रजीत गेले होते. गणित मुलीने शिकवले. ती त्या वेळी दहावीत होती; माझी आकडेमोड पाहून तिला जो आनंद होई तो काही सांगण्यासारखा नाही.

दुसऱ्यांदा बसले २३ नोव्हेंबर २०२५ ला, पुण्यास. या वेळी परीक्षेच्या खोलीत निराळेच दृश्य होते. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला होता, की नोकरीत असलेल्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे त्यांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे. त्यामुळे माझ्या मागे-पुढे वीस-वीस वर्षे शिकवलेल्या बाया, केस पिकलेले गुरुजी, हातात प्रवेशपत्र घेऊन बसलेले. आम्ही आत जाण्यासाठी परीक्षा देत होतो आणि ते आत राहण्यासाठी. माझ्या शेजारच्या बाईंचा हात थरथरत होता. वर्गात त्यांच्या हातात खडू असा थरथरला नसेल. न्यायालयाचा निर्णय मुलांच्या हिताचा आहे असे म्हणतात, तसे असेलही; पण वीस वर्षे शिकवलेल्या माणसाची परीक्षा त्याच्या वर्गात जाऊन घ्यावी असे मला वाटते. हे माझे मत आहे, चुकीचे असल्यास सांगा. मला सत्त्याण्णव मिळाले.

आता नोकरीचे. इंदापूर तालुक्यातील एका लहानशा मराठी शाळेने विचारले आहे. मुलाखत झाली, तिघेच होते. त्यांनीही मधल्या वर्षांचे विचारले. मी या वेळी 'घरी होते' असे म्हटले नाही. सासूबाईंच्या पट्ट्या पिशवीत होत्या, त्या टेबलावर मांडल्या आणि काय केले ते सांगितले. तेरा मुलांचा प्रश्न कोणी विचारलाच नाही, म्हणून तो मीच काढला आणि त्याचे उत्तर दिले!

पगार दहा हजार देतात. तो कमी आहे, हे मला पुरते ठाऊक आहे. 'नवरा मिळवता आहे, बाईंना वेळ जाण्यापुरती नोकरी' अशी समजूत करून घेऊन आपल्या बायकांना कमी पैशांत राबवून घेतात, आणि आपण 'हो' म्हणतो म्हणून ते चालते. मी 'हो' म्हणून त्यात भर घातली असे कोणी म्हणाल्यास मजजवळ पुरते उत्तर नाही. मी दोन गोष्टी मात्र मागून घेतल्या. नेमणुकीचा आदेश लेखी पाहिजे. खाजगी शाळांसाठी १९७७ चा कायदा आहे, त्याखाली तो द्यावा लागतो. आणि पगार बँकेत जमा झाला पाहिजे, बारा महिन्यांचा. मे महिना सोडून नव्हे. पहिल्या गोष्टीला लगेच होकार मिळाला. दुसरीला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी तीनदा मनाशी म्हटले की मे महिना सोडून द्यावा, कशाला ताणायचे. घरून सांगणे झाले, "माल चांगला असेल तर भाव धर." इतके प्रेमळ बोलणे मी लग्नानंतर प्रथमच ऐकले. नवव्या दिवशी होकार आला.

तेव्हा येत्या जूनपासून मी जाते आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्यात पगार संपणार नाही. पालखीमार्ग रुंद झाल्यापासून गाडीही पूर्वीसारखी रखडत नाही. भीती अगदी गेली असे नाही. चाळीस मुलांचा आवाज माझ्याने आता सोसवेल का, गुडघे दिवसभर उभे राहू देतील का, हे जूनमध्येच कळेल. न जमल्यास परत येईन आणि दुकानात बसेन. पुड्या बांधणे विसरलेले नाही.

आता दोन विनंत्या आहेत, त्या सभेपुढे ठेवून बसते. मंगळवारचे भजन साडेपाचला सुरू होते. माझी गाडी स्टँडवर सहाला लागेल. ते साडेसहाला करता आल्यास मला येता येईल. आणि उन्हाळ्यात खोलीची किल्ली दुपारी पुन्हा लागेल. मुले या वर्षी अकराहून जास्त येतील असे दिसते, तेव्हा घरी वापरात नसलेल्या सतरंज्या असतील तर चिटणीसबाईंकडे द्याव्या.